दौलतजींची विहीर आणि पितरांचे घडे

नागपुरात वैशाख लागला की ज्याला परवडतं तो पचमढीला जातो, आणि ज्याला परवडत नाही तो पचमढीबद्दल बोलतो. मी दुसऱ्या प्रकारातला. महालातल्या आमच्या गल्लीत पचमढीची वर्णनं मी इतकी ऐकली आहेत की डोळे मिटून तिथले रस्ते सांगू शकेन. पण माझ्या मनात वैशाख आला की पचमढी येत नाही, काटोलच्या पलीकडचं पिंपळदरा येतं. तिथे थंड हवा नाही, धबधबा नाही. पाहण्यासारखं म्हणाल तर एक आटलेली विहीर होती. त्या गावाबद्दल मला कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

ही लढाईच्या आधीची गोष्ट. मी शेतकी खात्यात नुकताच लागलो होतो. शेतकी कॉलेजातून बाहेर पडलेला प्रत्येक जण आपल्या हातून प्रांताचा दुष्काळ हटणार या खात्रीनं बाहेर पडतो, तसाच मीही. खात्यानं त्या वर्षी आटलेल्या विहिरींच्या तळाला बोअर मारून खालचं पाणी वर आणायचं काम काढलं होतं. सरकारचं यंत्र आणि मिस्त्री, शेतकऱ्यांचे हात आणि बैल, अशी ती भागीदारी. अटी दोन. विहिरीच्या सगळ्या हिस्सेदारांनी पाटलासमोर तोंडानं हो म्हणायचं. आणि पाणी लागलं की ते पाळीनं आणि झाडाच्या आळ्यापुरतंच घ्यायचं, दांडातून मोकाट सोडायचं नाही. पिंपळदऱ्याच्या हिस्सेदारांकडून हो वदवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. काम सोपं आहे, असं साहेबांनी सांगितलं होतं.

नागपूर ते पिंपळदरा

मी निघालो तेव्हा आत्याही निघाली. माझी आई मी लहान असताना गेली आणि मला आत्यानं वाढवलं. ती आमच्याच घरी होती. नवव्या वर्षी लग्न झालं, पुढच्याच वर्षी नवरा पटकीनं गेला, आणि ती सासरी राहायला जायच्या आधीच माहेरी कायमची झाली. लाल आलवण, कडक सोवळं आणि त्याहून कडक जीभ. "खेड्यावर तुले कोण करून घालन? चार दिवसांत पोट धरून येशील," असं म्हणून तिनं वळकटी बांधली. सरकारी दौऱ्यावर आत्याला नेणारा मी खात्यातला पहिलाच माणूस असेन.

सामानात एक नवा मातीचा घडाही होता. अक्षय तृतीया चार-पाच दिवसांवर आली होती. आमच्या भागात त्या दिवशी घरोघर नवा घडा पाण्यानं भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात, मग तो दान देतात. उन्हाळ्यात त्यांना तहान लागते, म्हणून. आत्या दर वर्षी आपल्या नवऱ्याच्या नावानं घडा भरायची. तिनं भरावा की सासरच्यांनी, याबद्दल शास्त्रात काय लिहिलंय ते आमच्या भटजींनी एकदा सांगून पाहिलं होतं. पुन्हा सांगितलं नाही.

"अवं, घडा तिथंही मिळेल," मी म्हटलं.

"तिथला कुंभार कसा भाजतो मले काय माहीत?" म्हणत तिनं घडा काटोलपर्यंत मांडीवर घेतला. आगगाडीच्या डब्यातल्या एका माणसानं घड्यातलं पाणी मागितलं, तर तिनं त्याला घडा उलटा करून रिकामा असल्याचं दाखवलं, आणि मग फिरकीच्या तांब्यातलं पाणी दिलं.

काटोलपासून पुढे बैलगाडी होती. जाम नदीचं पात्र आम्ही कोरडं ओलांडलं. वाळूत बैलांचे खूर रुतत होते आणि आत्या गाडीवानाला हळू, हळू म्हणत होती. एका ठिकाणी चाक दगडावरून असं आपटलं की माझी नवी कोरी सोला हॅट उडाली आणि चाकाखाली गेली. आत्या पोटभर हसली. मी हॅट ठोकून सरळ करीत बसलो, आणि घड्याकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

पिंपळदरा

उतरायची सोय दौलतजींच्या बगीच्यातल्या खोलीत होती. दौलतजी हे विहिरीचे एक हिस्सेदार. साठीच्या पुढचे, उंच, वाळक्या अंगाचे, बायको वारलेली आणि मुली सासरी. त्यांनी आधी गूळ दिला, मग पाणी. मी तांब्यातलं उरलेलं पाणी सवयीनं अंगणात भिरकावलं. दौलतजी नुसते त्या ओल्या मातीकडे पाहत राहिले. नंतर कळलं की या गावात वैशाखात पाहुण्याचं उरलेलं पाणीही एखाद्या झाडाच्या बुडाशी जातं. आमच्या महालात म्युनिसिपालिटीचा नळ गळत असला तर आम्ही त्यावर चार दिवस फक्त टीका करतो. इथे आंघोळीचं पाणी दगडावरून ओघळून कर्दळीला, भांड्याचं वांग्याला, आणि तांदूळ धुतल्याचं म्हशीला. आत्या दुसऱ्या दिवशी एका तांब्यात आंघोळ करून आली आणि मला म्हणाली, "बापू, आपण नागपूरचे लोक फार उधळे आहोत रे."

विहीर पाहिली. दगडी बांधणीची, रुंद, दोन मोटा एकदम चालतील अशी. दौलतजींच्या आणि नत्थूजींच्या वडिलांनी, म्हणजे दोघा सख्ख्या भावांनी, मिळून खोदलेली. आता तळाला हिरवट डबकं होतं. एका बाजूला नत्थूजींचा जुना, मोठा संत्र्याचा बगीचा. दुसऱ्या बाजूला दौलतजींची गेल्या पावसाळ्यात लावलेली कलमं, गुडघ्याच्या वर आलेली.

हे दोघे चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडण पाण्याच्या पाळीचं होतं आणि इतकं जुनं की सुरुवात कुणी केली यावरही भांडण होतं. पण विहीर एक, म्हणून सांगणं-ऐकणं तर भागच. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. नत्थूजी आपल्या बैलाशी बोलत.

"काय गा सर्ज्या," ते मोटेच्या धावेवर उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "काल कोणाची तरी मोट सांजेपर्यंत चालून राहिली होती म्हणते. आपली पाळी कधी याची?"

दौलतजी पलीकडून कडुनिंबाला सांगायचे, "ज्याले हिशेब पाह्यजे त्यानं सकाळी लवकर उठावं." सर्ज्या आणि कडुनिंब या दोघांनी किती वर्षं ही मध्यस्थी केली असेल देव जाणे.

बोअरचा करीम मिस्त्री आमच्या आधीच येऊन बसला होता. जबलपूरकडचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, चहाशिवाय न बोलणारा. त्यानं विहिरीत वाकून पाहिलं आणि निकाल दिला. "साहब, पानी नीचे है. मगर कुआँ खाली चाहिए. पखवाड़ा भर मोट बंद."

इथेच सगळं अडलं. विहिरीच्या तोंडावर मोटेच्या जागी तिपाई उभी राहणार, तिच्यावरून जड लोखंडी छिन्नी दोरानं वर ओढायची आणि तळाला आपटायची. जे झिरपेल ते बादलीनं उपसायचं. ते बैलांना पुरेल इतकंच. हे वैशाखातच करायला हवं, कारण पावसानंतर विहिरीत उतरताच येत नाही. नत्थूजींचं काही बिघडत नव्हतं. मृगाचा बहार धरायचा तर संत्र्याच्या मोठ्या झाडाला या दिवसांत पाणी तोडून ताणच द्यावा लागतो. पानं मलूल झाली की मग पहिल्या पावसाला फुलं फुटतात. त्यांची झाडं मुद्दामच तहानलेली होती. पण दौलतजींची कलमं कोवळी. त्यांना पंधरा दिवस पाणी नाही म्हणजे ती गेलीच.

आणि बोअर नाही मारला तर? नत्थूजींनी सर्ज्याला तेही सांगितलं. "पुढच्या उन्हाळ्यात हे डबकंही नसन. मंग दोघायचेही बगीचे जळतीन."

खरं होतं. हे दौलतजींनाही माहीत होतं. तरी पाटलासमोर ते मान हलवून म्हणाले, "नाही."

मी त्यांच्याबरोबर कलमांमधून फिरलो. पुस्तकातलं सगळं सांगितलं. कलमं पुन्हा लावता येतात, विहीर पुन्हा मिळत नाही, खातं नवी कलमं देईल, वगैरे. ते ऐकत होते आणि प्रत्येक आळ्यातलं वाळकं पान उचलून धोतराच्या ओच्यात टाकत होते.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "इथी माहा पहिला बगीचा होता. मोठाली झाडं. मांगच्या दुकाळात पाणी गेलं. एकेक झाड उभ्या उभ्या वाळलं. मंग मीच कुऱ्हाड घेतली. सरपणाले दोन वर्षं पुरला तो बगीचा. मी रोज त्याच्यावर भाकर भाजली. आता पुन्हा लावला तं लोकं हसले, या बुढ्याले फळ कधी दिसन म्हणे. हसू द्या. पण दुसऱ्यांदा मराचं मी पाहू शकत नाही. हे मेलं तं मी काही पुन्हा लावत नाही."

मिस्त्रीला पुढच्या गावाहून बोलावणं आलेलं होतं. अक्षय तृतीयेनंतरच्या दिवशी काम सुरू झालं नाही तर तो यंत्र उचलून जाणार होता. आणि यंत्र पुन्हा कधी येईल हे खात्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

ते दिवस मी कसे काढले हे विचारू नका. पण जेवलो मात्र उत्तम. आत्यानं तीन दगडांच्या चुलीवर गोळाभात केला, वर फोडणीचं तेल. दौलतजींना पानावर बसवलं. एवढा मोठा माणूस खाली मान घालून जेवत होता. किती दिवसांनी कुणी वाढत होतं त्यांना! त्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा आत्यानं मला डोळ्यानं गप्प बसवलं. दुपारी कडुनिंबाखाली खाट टाकून पडायचं, वर होले घुमत असायचे, आणि झळ अंगावरून गेली की आत्या म्हणायची, "वाळ्याचा पडदा पाह्यजे होता रे." वाळ्याचा पडदा भिजवायला पाणी लागतं, हे तिच्या लगेच लक्षात यायचं आणि ती स्वतःशीच जीभ चावायची. आज तो कडुनिंब, ती खाट, आत्याच्या हातचा तो गोळाभात, सगळं पुन्हा पुन्हा आठवतं. माणसाला सुखाचे दिवस ओळखू येत नाहीत. मी तेव्हा आपल्या कामाचं काय होणार या काळजीत होतो.

अक्षय तृतीया

सकाळी आत्यानं चिंचेच्या गोड पाण्याची चिंचोणी केली, पुरण घातलं, कुरडया तळल्या. मग खोलीच्या ओट्यावर पाट मांडून नवा घडा धुतला, भरला, त्याला सूत गुंडाळलं, वर खरबूज ठेवलं. हात जोडून ती डोळे मिटून बसली होती, आणि मला दिसलं की पाटावरून पाण्याची एक बारीक रेघ खाली येते आहे.

नदीच्या पात्रातल्या त्या दगडानं माझ्या हॅटबरोबर घडाही गाठला होता. केसाएवढा तडा. आत्यानं डोळे उघडले आणि पाहत राहिली. तिला रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. रडली नाहीच, पण चेहरा असा झाला की मी काटोलला पळत जाऊन दुसरा घडा आणला असता.

"इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही," ती म्हणाली. "अन् आता त्यांच्यापुढं फुटका ठेवला मी."

तडा गेलेला घडा दान देता येत नाही. पाणी ओतून द्यावं तर ते त्यांच्या नावानं भरलेलं. ती घडा दोन्ही हातांनी उचलून उभी राहिली. खाली थेंब पडत होते. मग पाय तिला जिकडे घेऊन गेले तिकडे ती गेली, आणि सगळ्यात जवळच्या कलमाच्या आळ्यात तिनं घडा बुडाशी टेकवून ठेवला. "जमिनीवर सांडण्यापरीस कोणाच्या तरी तोंडी लागू दे."

दौलतजी तिथेच होते. पितरांचा घडा आपल्या आळ्यात आलेला पाहून त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. "आत्याबाई, कोणाच्या नावाचा?"

मी घसा खाकरला. आत्याच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. घरातही आम्ही "आत्याचे यजमान" म्हणायचो. खरं सांगायचं तर मला ते नाव माहीतच नव्हतं.

आत्यानं पदर सारखा केला. "विनायक," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता दौलतजींनी मला हलवून उठवलं. हाताला धरून त्या कलमाजवळ नेलं. घडा अजून अर्धा भरलेला होता. बुडाशी वीतभर जमीन काळी, ओली होती, आणि कलमाची पानं ताठ होती. शेजारची कलमं, ज्यांना परवा मोटेचं पाणी मिळालं होतं, त्यांनी माना टाकल्या होत्या. दांडातून येताना अर्धं पाणी तापलेली जमीनच पिऊन टाकायची, आणि उरलेलं ऊन.

"एका घड्यात येवढं?" दौलतजी म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग बसून त्यांनी मातीत बोट खुपसलं.

खरं म्हणजे यात नवं काही नव्हतं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर भोकाचं मडकं टांगून गळती लावतात, तुळशीवरही लावतात. हे प्रत्येक बाईला माहीत. मी शेतकी कॉलेजात शिकलो, दौलतजींनी जन्मभर झाडं लावली, आत्यानं दर वर्षी तुळशीवर गळती धरली, आणि तरी देवाचं ते झाडाला लावावं हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यासाठी घडा फुटावा लागला.

पण एवढे घडे आणायचे कुठून आणि रोज भरणार कोण? मी मनातल्या मनात आकडेमोड करीत होतो, तेवढ्यात बाया आल्या. आदल्या दिवशी आत्या काय करून बसली हे गावात पोचलं होतं. प्रत्येक घरी काल भरलेला घडा होताच, आणि तो आज कुठेतरी द्यायचाच होता. पुढे एक म्हातारी होती, कडेवर घडा.

"माह्या सासूचा हाय," ती आत्याला म्हणाली. "लय पाणी लागे तिले. याच्या बुडाले ठेवू का वं बाई?"

"मले काय विचारता? मालक ते आहेत," आत्यानं दौलतजींकडे बोट दाखवलं.

दौलतजी मागे सरले. हात जोडून म्हणाले, "नका ठेवू. तुमचे मायबाप माह्या झाडाखाली आणून बसवता, अन् उद्या झाड मेलं तं? मी कोणाकोणाले तोंड दाखवू?"

बाया थबकल्या. मिस्त्रीची बैलगाडी तिकडे जुंपायला घेतली होती, तिच्या साखळ्यांचा आवाज येत होता.

विहिरीच्या पलीकडून नत्थूजी आले. त्यांच्या हातातही घडा होता. सर्ज्या बरोबर नव्हता. मधला बांध ओलांडून ते सरळ आत आले. कितीतरी वर्षांत त्यांनी तो बांध ओलांडला नव्हता, असं मला नंतर कळलं. एका कलमाशी बसून त्यांनी टोकदार खड्यानं घड्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं आणि तो नीट टेकवला. मग मान वर करून चुलतभावाकडे पाहिलं.

"दौलत, बाप माहा हाय. या विहिरीत त्याची जिंदगी गेली. तो इथीच राहीन. झाड मेलं तं मी तुले इचारनार नाही. पण मिस्त्रीले जाऊ देऊ नको गा."

दौलतजी खाली बसले, आणि काकाच्या घड्याला लागलेली माती पागोट्यानं पुसायला लागले. पाटलानं पुढे होऊन विचारलं, "मंग हो समजू का?" "हो," ते म्हणाले. मी मिस्त्रीच्या गाडीकडे असा धावलो की एक वहाण बांधातच राहिली.

पंधरवडा

बायांनीही तसंच भोक पाडून आपापले घडे आळ्यांत ठेवले, तरी घडे पुरले नाहीत. उरलेल्या कलमांसाठी लोक कुंभाराकडे गेले. त्या कुंभारानं जन्मभर तडकलेली मडकी घरामागे लपवली होती, आणि आता गावातला जो तो येऊन विचारत होता, "फुटकं हाय का गा?" त्याला आधी थट्टा वाटली, मग राग आला, आणि शेवटी तो चांगल्या मडक्यांना खिळ्यानं भोक पाडून त्यात चिंधी कोंबून देऊ लागला. भोकाची मडकी करवायला सरकारनं साहेब पाठवलाय, असं त्यानं पुढे बरेच दिवस गावोगाव सांगितलं म्हणतात.

बाया सकाळी गावच्या विहिरीवरून परतताना एकेक घागर जादा आणायच्या आणि आपापल्या माणसाच्या घड्यात ओतायच्या. ओतताना बोलायच्या. "मामाजी, कालच्यापरीस आज ऊन जास्त हाय." "घे वं माय, पी." आत्या सगळ्यात आधी ओतून यायची. ती तिथे काय बोलायची ते मला ठाऊक नाही. मी जवळ गेलो की गप्प व्हायची.

आणि विहिरीवर दिवसभर छिन्नी आपटत होती. एका बाजूनं दौलतजींची माणसं, दुसरीकडून नत्थूजींची, एकाच दोराला. मिस्त्री तळाशी उभा राहून ओरडायचा, "खींचो! छोड़ो!" दगड लागला तेव्हा दोन दिवस बोटभरही सरकलं नाही. नत्थूजी बोलायला मोकळे झाले होते पण सवय जाईना, मधूनच सर्ज्याकडे वळायचे, "दौलतले म्हणा..." आणि मग स्वतःच हसायचे.

एका दुपारी छिन्नी आपटली आणि आवाज बदलला. मिस्त्री ओरडला नाही. बोअरच्या तोंडातून आधी पांढरा चिखल आला, मग गढूळ पाणी, आणि ते थांबेना. मिस्त्री घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत भिजला. वर काठावर सगळे वाकून उभे होते. दौलतजींनी बादली खाली सोडली, वर ओढली, आणि पहिली ओंजळ नत्थूजींच्या हातात ओतली.

काही कलमं गेली, ते लपवत नाही. बहुतेक वाचली. जी गेली त्यांचे घडे दौलतजींनी हलवले नाहीत. पावसाळ्यात त्याच आळ्यांत नवी कलमं लावली, तेही मला पुढच्या दौऱ्यावर दिसलं. पाणी दोघे पाळीनं घेत होते. झाडांना मी सांगितलेली दुहेरी आळी केली होती, बुंध्याला पाणी लागू नये अशी. झाडांना मात्र आता आकड्यांनी कुणी ओळखत नव्हतं. दौलतजींचा जुना गडी तान्या बाकीच्या गड्यांना सांगायचा, "नत्थूजीच्या बापाले खत टाका," "त्या म्हातारीच्या सासूची फांदी छाटा." नवखा माणूस ऐकून घाबरला असता.

महाल

मी बदलीवर बिलासपूरकडे गेलो, लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, दौरे कमी झाले. आत्या थकली. नळाला पाणी आलं की ती अजूनही बादली लावून बसते आणि आमच्या पोरांनी हात धुताना नळ सोडून ठेवला तर पिंपळदऱ्याचं नाव काढून ओरडते. पोरांना पिंपळदरा हा एखादा कडक मास्तर आहे असं वाटतं.

यंदाच्या फाल्गुनात मी रजेवर घरी होतो. सकाळी दारात कुणीतरी खाकरलं. पाहतो तर दौलतजी. वाकलेले, डोळ्यांना कमी दिसणारे, डोक्यावर टोपली. काटोलहून पहाटेच्या गाडीनं एकटे आले होते. पाणी दिलं तर त्यांनी तांब्या पूर्ण संपवला, थेंब ठेवला नाही.

आत्या भिंतीला धरून बाहेर आली. दौलतजींनी टोपलीवरचं गवत बाजूला केलं. संत्री होती, फार मोठी नव्हती, पहिल्या बहाराची असतात तशी.

"आत्याबाई," ते म्हणाले, "विनायकरावाच्या झाडाची हाईत. औंदा पहिल्यांदाच धरली. दुसऱ्या कोणाले तोडू नाही दिली. म्हटलं, आधी त्यायच्या घरी गेली पाह्यजेत."

आत्यानं टोपलीत हात घालून संत्री चाचपली. मग एक संत्रं उचललं आणि ओट्यावर, दारातल्या उन्हात बसली. आमच्या घरात फळ आलं की आत्या ते सोलून फोडी वाटते, आधी पोरांना, मग सुनेला, मग मला, आणि स्वतःला उरली तर एक. पोरं सवयीनं तिच्याभोवती हात पुढे करून बसली. तिनं सावकाश साल काढलं, शिरा काढल्या.

"टोपलीतली घ्या तुम्ही," ती पोरांना म्हणाली. "हे माझं आहे."

आणि ते अख्खं संत्रं, एकही फोड कुणाला न देता, तिनं एकटीनं खाल्लं.